हीप क्रमाने लावताना: सी प्लस प्लसच्या स्टँडर्ड लायब्ररीतील सॉर्ट_हीप नेमके काय करते

पावसाळा सुरू झाला की मुंबईच्या वर्तमानपत्रांत एक छोटा तक्ता छापून येऊ लागतो. अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी या सात तलावांत किती पाणी जमा झाले आहे, हे त्यात दिलेले असते. सातही तलाव पूर्ण भरले तर एकूण साठा १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर होतो, हा आकडाही अनेकांच्या ओळखीचा आहे. हीप नावाची रचना आणि ती क्रमाने लावण्याची पद्धत समजावण्यासाठी मी हाच तक्ता घेतो, कारण सात घटकांचा हीप कागदावर हाताने मांडता येतो आणि त्याच्या तिन्ही पातळ्या नेमक्या भरतात.

तलावांची पूर्ण क्षमता अब्ज लिटरमध्ये, जवळच्या पूर्णांकात घेतली, तर वरच्या क्रमाने ही यादी मिळते: २२७, १२९, १४५, १९४, ७१७, २८, ८. प्रोग्रॅममध्ये हा सात जागांचा एक साधा अ‍ॅरे आहे. हीप हाही अ‍ॅरेच असतो, फक्त त्याने एक नियम पाळलेला असतो. पहिल्या जागेला ० हा क्रमांक दिला, तर क या जागेवरील घटकाच्या हाताखाली २क+१ आणि २क+२ या जागांवरील दोन घटक येतात, आणि वरचा घटक त्याच्या हाताखालच्या दोघांपेक्षा कधीही लहान असता कामा नये. या प्रकाराला मॅक्स-हीप म्हणतात. नियम उलटा केला, म्हणजे वरचा घटक कधीही मोठा असता कामा नये असे ठरवले, की मिन-हीप होतो. यासाठी वेगळे दुवे किंवा जास्तीची मेमरी लागत नाही, कारण कोण कोणाच्या हाताखाली आहे हे जागेच्या क्रमांकावरूनच कळते.

आपली मूळ यादी हा नियम पाळत नाही, कारण १ या जागेवर १२९ आहे आणि त्याच्या हाताखाली ३ व ४ या जागांवर १९४ आणि ७१७ आहेत. सी प्लस प्लसच्या स्टँडर्ड लायब्ररीतील मेक_हीप हे फंक्शन यादीला नियमात बसवते. ज्याच्या हाताखाली कोणीतरी आहे अशा शेवटच्या घटकापासून ते सुरुवात करते आणि उलट्या दिशेने पहिल्या घटकापर्यंत येते. २ या जागेवरील १४५ च्या हाताखाली २८ आणि ८ आहेत, तिथे काही करावे लागत नाही. १ या जागेवर १२९ आणि ७१७ यांची अदलाबदल होते. मग ० या जागेवरील २२७ चे आणि नुकत्याच वर आलेल्या ७१७ चे स्थान बदलते. एवढ्यात काम संपते आणि हीप तयार होतो: ७१७, २२७, १४५, १९४, १२९, २८, ८.

ही यादी उतरत्या क्रमात असल्यासारखी दिसते, पण तशी नाही. तानसाचा १४५ हा मध्य वैतरणेच्या १९४ च्या आधी आला आहे, आणि तरीही नियम मोडलेला नाही, कारण १९४ हा २२७ च्या हाताखाली आहे आणि १४५ शी त्याचा काही संबंध नाही. हीप फक्त वर-खाली असलेल्या घटकांबद्दल हमी देतो, शेजारच्या फांद्यांमधील घटकांबद्दल काहीच सांगत नाही. सर्वांत मोठा घटक ० या जागेवर आहे, एवढेच त्याच्याकडे पाहून खात्रीने म्हणता येते. हीप तयार करणे स्वस्त पडते ते याच अपुऱ्या शिस्तीमुळे. सी प्लस प्लसच्या मानकानुसार मेक_हीपने घटकांच्या संख्येच्या तिपटीहून जास्त तुलना करायच्या नसतात. हे शक्य होते याचे कारण असे, की निम्म्या घटकांच्या हाताखाली कोणी नसतेच, सुमारे पाव घटक फार तर एक पातळी खाली उतरतात, त्याच्या निम्मे फार तर दोन पातळ्या, आणि अशी सगळी बेरीज केली तरी ती घटकांच्या संख्येपलीकडे जात नाही. जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनी १९६४ मध्ये हीपसॉर्ट, म्हणजे हीप बांधून यादी क्रमाने लावण्याची पद्धत, प्रसिद्ध केले तेव्हा हीप एकेक घटक आत घालून बांधला जात असे. खालून वर बांधत येण्याची ही स्वस्त रीत रॉबर्ट फ्लॉइड यांनी त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये मांडली.

आता मुख्य काम. हीप हाती असताना सॉर्ट_हीप हे फंक्शन तो चढत्या क्रमाने लावून देते. सर्वांत मोठा घटक ० या जागेवर आहे हे माहीत असल्याने ते त्याला थेट शेवटच्या जागी नेते, शेवटच्या जागेवरचा घटक वर आणते, आणि मग तो जिथे शोभेल तिथपर्यंत खाली उतरवते. खाली उतरताना प्रत्येक पातळीवर हाताखालच्या दोघांपैकी मोठा घटक वर चढतो. आपल्या यादीत ७१७ शेवटी जातो, ८ वर येतो, मग २२७ च्या आणि नंतर १९४ च्या खाली उतरतो. उरलेल्या सहा जागांचा हीप २२७, १९४, १४५, ८, १२९, २८ असा होतो आणि सातवी जागा कायमची ठरून जाते. पुढच्या पायरीत २२७ सहाव्या जागी जातो आणि मागे १९४, १२९, १४५, ८, २८ हा पाचांचा हीप उरतो. दर पायरीला हीप एका जागेने आखडतो, लावलेला भाग एका जागेने वाढतो, आणि शेवटी ८, २८, १२९, १४५, १९४, २२७, ७१७ अशी पूर्ण क्रमवार यादी त्याच अ‍ॅरेमध्ये तयार होते. तुळशी सर्वांत लहान आणि भातसा सर्वांत मोठा हे मुंबईकरांना ठाऊकच असते. एकट्या भातसाची क्षमता सातही तलावांच्या एकूण क्षमतेच्या जवळजवळ निम्मी आहे.

चढता क्रम हवा असताना मॅक्स-हीप का, ही शंका अनेक विद्यार्थ्यांना येते, आणि तिचे उत्तर याच हालचालीत आहे. हीपचे टोक सुरुवातीला असते आणि तो आखडतो शेवटाकडून, त्यामुळे मोकळी झालेली जागा नेहमी शेवटचीच असते. टोकावरून काढलेला घटक तिथेच ठेवायचा असल्याने तो उरलेल्यांत सर्वांत मोठा असावा लागतो. म्हणूनच तुलनेसाठी ग्रेटर हे फंक्शन देऊन मिन-हीप बांधला आणि सॉर्ट_हीपलाही तेच दिले, तर यादी उतरत्या क्रमात लागते.

हे सगळे सुरळीत घडते ते एका अटीवर: सॉर्ट_हीपला दिलेली यादी आधीपासून हीप असली पाहिजे. फंक्शन ही अट स्वतः तपासत नाही. अट पाळली नाही तर काय होईल, हे सी प्लस प्लसचे मानक ठरवून देत नाही. ती जबाबदारी फंक्शनला हाक मारणाऱ्याची आहे. मला या विषयातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच वाटतो. आपली मूळ, हीप न केलेली यादी सॉर्ट_हीपला दिली, तर नेहमीच्या पद्धतीने लिहिलेले फंक्शन पहिल्याच पायरीत २२७ ला शेवटच्या जागी नेऊन बसवील आणि पुन्हा त्याच्याकडे पाहणार नाही. प्रोग्रॅम बंद पडत नाही आणि इशाराही मिळत नाही. फक्त उत्तर चुकते.

यापेक्षा फसवा प्रकार नवा घटक जोडताना होतो. रीत अशी आहे, की व्हेक्टरच्या, म्हणजे वाढत जाऊ शकणाऱ्या अ‍ॅरेच्या, शेवटी पुश_बॅकने घटक ठेवायचा आणि लगेच पुश_हीपला हाक मारायची, म्हणजे ते फंक्शन त्या घटकाला योग्य जागी वर चढवते. ही दुसरी पायरी राहून गेली असे समजा. आपल्या तयार हीपच्या शेवटी ३०० क्षमतेचा एक काल्पनिक आठवा तलाव जोडला आणि पुश_हीप विसरले, तर ३०० हा १९४ च्या हाताखाली बसतो आणि नियम मोडतो. तरीही सॉर्ट_हीप चालवल्यावर उत्तर बरोबर येते, कारण पहिल्याच पायरीत ७१७ शेवटी जातो, ३०० वर येतो, आणि तो २२७ व १४५ दोघांहून मोठा असल्याने हीप आपोआप दुरुस्त होतो. नवा आकडा ९०० असेल तर मात्र ७१७ आधीच शेवटच्या जागी बसलेला असतो, ९०० त्याच्या अलीकडे राहतो, आणि यादीचा शेवट २२७, ९००, ७१७ असा होतो. म्हणजे अशी चूक फक्त तेव्हाच दिसते, जेव्हा नवा घटक आधीच्या सगळ्यांहून मोठा असतो. सहा-सात चाचण्या करून समाधान मानणाऱ्याच्या हातून ती सहज निसटते, म्हणून चाचणीत सर्वांत मोठा घटक सर्वांत शेवटी जोडून पाहणे आवश्यक आहे.

साठवलेला आकडा जागच्या जागी बदलल्यानेही हीप मोडतो. क्षमतेऐवजी रोजचा पाणीसाठा ठेवला, तर भर जुलैमध्ये तो दररोज बदलेल, आणि प्रत्येक बदलानंतर कालचा हीप आजही हीप आहे असे गृहीत धरता येणार नाही. पुन्हा मेक_हीप चालवावे लागेल. तिसरा प्रकार तुलनेच्या फंक्शनचा. मेक_हीपला ग्रेटर दिले आणि सॉर्ट_हीपला काहीच दिले नाही, तर पहिल्याने मिन-हीप बांधलेला असतो आणि दुसरे मॅक्स-हीप समजून काम करते. शंका असेल तिथे २०११ च्या मानकात आलेले इज_हीप वापरावे. ते यादीतून एकदाच जाऊन उत्तर देते. जीसीसी या कंपायलरच्या लायब्ररीत डीबग मोड (चुका शोधण्यासाठीची जास्तीची तपासणी) चालू केला तर हीप असण्याची अट तिथेच तपासली जाते, आणि विद्यार्थ्यांनी तो मोड निदान सराव करताना चालू ठेवावा असे मला मनापासून वाटते.

काम झाल्यावर काय उरते, हेही नीट पाहिले पाहिजे. सॉर्ट_हीपनंतर मॅक्स-हीप राहत नाही, कारण आता ० या जागेवर ८ आहे. त्या यादीवर पुढे पॉप_हीप, म्हणजे टोकाचा घटक बाजूला काढणारे फंक्शन, चालवणे ही पुन्हा अट मोडणेच आहे. हीप म्हणून तिचा वापर चालू ठेवायचा असेल, तर आधी प्रत करून ती लावावी. सी प्लस प्लसमधील प्रायॉरिटी_क्यू हा प्रकार आतून हीच हीपची फंक्शने वापरतो, पण आपला आतला व्हेक्टर बाहेर दाखवत नाही, त्यामुळे त्याच्यावर सॉर्ट_हीप थेट चालवता येत नाही. शेवटी सगळे क्रमाने हवे आहे हे आधीच माहीत असेल, तर साधा व्हेक्टर घेऊन हीपची फंक्शने स्वतः वापरणे सोयीचे पडते.

पायथॉनमध्ये चित्र उलटे आहे. त्याच्या हीपक्यू या मॉड्यूलमधील नेहमीची फंक्शने मिन-हीप बांधतात. आपल्या मूळ यादीवर हीपिफाय चालवले तर ८, १२९, २८, १९४, ७१७, २२७, १४५ असा हीप मिळतो. सॉर्ट_हीपच्या जोडीचे फंक्शन तिथे नाही. हीपपॉपने एकेक घटक काढून नव्या यादीत ठेवत गेले तर चढता क्रम मिळतो, पण दुसरी यादी लागते आणि पहिली रिकामी होते. तिथला सरळ मार्ग म्हणजे त्या यादीवरच सॉर्ट चालवणे. चढत्या क्रमात लावलेली यादी मिन-हीपचा नियम आपोआप पाळते, कारण वरचा घटक खालच्याच्या आधी येतो आणि म्हणून त्याच्याहून मोठा असू शकत नाही. त्यामुळे पायथॉनमध्ये सॉर्ट केल्यावरही हीप शाबूत राहतो आणि त्यावर हीपपुश, हीपपॉप चालू ठेवता येतात. शिवाय पायथॉनच्या सॉर्टमागची पद्धत, टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये लिहिलेले टिमसॉर्ट, समान घटकांचा मूळ क्रम राखते. मॅक्स-हीपची जाहीर फंक्शने पायथॉनच्या ३.१४ या आवृत्तीत आली; तोवर आकड्यांना उणे चिन्ह लावून मिन-हीपकडूनच ते काम करून घेण्याची पद्धत होती.

जावाच्या प्रायॉरिटीक्यूमधील घटक लूप चालवून छापले की ते अस्ताव्यस्त दिसतात, आणि लायब्ररीत काहीतरी बिघडले आहे असा अनेकांचा समज होतो. तसे काही नसते; लूप आतला अ‍ॅरे जसा आहे तसा दाखवतो, आणि तो हीप असतो, क्रमवार यादी नसते. क्रम हवा असेल तर अ‍ॅरेमध्ये प्रत घेऊन ती लावावी, असे जावाचे दस्तऐवजच सुचवतात. मला सर्वांत जास्त पटलेली मांडणी रस्टची आहे. तिथल्या बायनरीहीपमध्ये इनटू_सॉर्टेड_व्हेक हे फंक्शन आहे. ते हीप स्वतःच्या ताब्यात घेते आणि बदल्यात क्रमवार यादी देते. त्यानंतर जुन्या हीपला हात लावायचा प्रयत्न केला तर प्रोग्रॅम कंपाइलच होत नाही. सी प्लस प्लसमध्ये जी गोष्ट प्रोग्रॅमरने लक्षात ठेवायची, ती रस्टमध्ये भाषा लक्षात ठेवते.

मग सॉर्ट_हीप वापरायचे केव्हा? हाती नुसती यादी असेल आणि ती लावायची असेल, तर मेक_हीप करून मग सॉर्ट_हीप करण्यात अर्थ नाही. सॉर्ट हे फंक्शन बहुधा जलद ठरते. मानकाच्या आजच्या मर्यादेनुसार सॉर्ट_हीपला लागणाऱ्या तुलना, घटकांची संख्या गुणिले तिचा लॉगॅरिथम, याच्या दुपटीपर्यंत जाऊ शकतात. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती. प्रत्येक रहिवाशाचा एक आकडा घेऊन हीप बांधला तर त्याच्या अवघ्या २४ पातळ्या होतील, म्हणजे एक घटक वरून खालपर्यंत उतरवायला २३ उड्या पुरतात. संख्या लहान आहे, पण उड्या लांब आहेत: क वरून २क+१ वर जाताना मेमरीतील अंतर दर पातळीला दुपटीने वाढते, आणि प्रोसेसरच्या कॅशमध्ये, म्हणजे त्याच्याजवळच्या लहान पण जलद मेमरीत, नसलेला भाग पुन्हा पुन्हा मुख्य मेमरीतून आणावा लागतो. सॉर्टमागची नेहमीची पद्धत, यादीची विभागणी करत जाणारी क्विकसॉर्ट, शेजारशेजारचे घटक ओळीने वाचत जाते, त्यामुळे प्रत्यक्षात ती बहुतेक वेळा पुढे राहते.

तरीही हीपसॉर्ट अडगळीत पडलेले नाही, कारण त्याची वाईटात वाईट वेळही आटोक्यात राहते आणि त्याला जास्तीची मेमरी लागत नाही. डेव्हिड मसर यांनी १९९७ मध्ये मांडलेले इंट्रोसॉर्ट सुरुवात क्विकसॉर्टने करते, आणि विभागणी ठरलेल्या मर्यादेपेक्षा खोल जाऊ लागली की त्या भागासाठी हीपसॉर्टकडे वळते. जीसीसीच्या लायब्ररीतील सॉर्ट याच पद्धतीचे आहे, म्हणजे हीपचे नाव न घेताही आपण त्याच्या आधाराने काम करत असतो. लिनक्सच्या कर्नेलमधील सर्वसाधारण सॉर्ट फंक्शनही हीपसॉर्टच आहे.

सॉर्ट_हीपची खरी जागा तिथे असते, जिथे हीप आधीच दुसऱ्या कारणासाठी बांधलेला आहे आणि शेवटी उरलेले घटक क्रमाने दाखवायचे आहेत. सांताक्रूझ वेधशाळेच्या रोजच्या पावसाच्या ५० वर्षांच्या नोंदींतून सर्वाधिक पावसाचे १० दिवस काढायचे आहेत असे समजू. नोंदी १८ हजारांहून थोड्या जास्त होतील, पण त्या सगळ्या लावण्याची गरज नाही. पहिल्या १० नोंदींचा मिन-हीप करावा. मग त्याच्या टोकावर या दहांतील सर्वांत कमी पाऊस असेल. पुढची प्रत्येक नोंद फक्त त्या टोकाशी ताडून पाहावी, आणि ती मोठी असेल तरच टोक काढून तिला आत घ्यावे. कोरडे दिवस एका तुलनेत निकालात निघतात. शेवटी हातात १० दिवसांचा मिन-हीप उरतो, आणि ग्रेटर देऊन सॉर्ट_हीप चालवले की ते उतरत्या क्रमाने लागतात. २६ जुलै २००५ चा दिवस निवडलेल्या काळात असेल, तर त्या दिवसाचे २४ तासांतील ९४४ मिलिमीटर सर्वांत वर येतील. सी प्लस प्लसचे पार्शल_सॉर्ट जीसीसीच्या लायब्ररीत आतून असेच चालते, आणि पायथॉनचे एनलार्जेस्टही साधारण याच तत्त्वावर चालते.

समान घटकांबद्दल सॉर्ट_हीप कोणतीही हमी देत नाही. ऑगस्टच्या अखेरीस विहार आणि तुळशी दोन्ही १०० टक्के भरलेले असले आणि यादी टक्केवारीने लावली, तर कोणता तलाव आधी येईल हे मूळ क्रमावरून सांगता येणार नाही, आणि वेगळ्या कंपायलरवर उत्तर वेगळेही येऊ शकते. ठरावीक क्रम हवा असेल तर तुलनेच्या फंक्शनमध्ये दुसरा निकष घालावा: टक्केवारी सारखी असेल तर क्षमता पाहावी. पायथॉनमध्ये हे दुर्लक्षून चालतच नाही. तिथे टक्केवारी आणि तलावाचा ऑब्जेक्ट अशी जोडी हीपमध्ये ठेवली, आणि दोन टक्केवाऱ्या सारख्या निघाल्या, तर पायथॉन ऑब्जेक्टची ऑब्जेक्टशी तुलना करू पाहतो आणि ती तुलना लिहिलेली नसेल तर टाइपएररने थांबतो. जोडीच्या मध्ये एक वाढता अनुक्रमांक ठेवला की तुलना तिथेच मिटते, आणि आधी आलेला घटक आधी बाहेर पडतो.